वजीरची टाच

माधवनगरच्या वजीर मुलाणीची घोडी बिजली हलगीवर अशी नाचायची, की नवरदेवाकडं कुणी बघायचंच नाही. बारा वर्षं लग्नसराईत हीच जोडी. पण वजीरला कधी कुणी विचारलं, की बाबा, दमलास का? छे! पिंढऱ्यांत गोळे, कानात डीजे आणि डोळ्यांवर झोप घेऊन तो आपला वरातीपुढं चालत राहिला.

यंदा बिजलीच्या पुढच्या खुरात पू झाला. जनावरांचे डॉक्टर वीरधवल आले, भूल देऊन त्यांनी खूर कोरलं आणि बजावलं, "वजीरभाई, रोज वीस मिनिटं पाय मिठाच्या कोमट पाण्यात. रोज काही भूल देता येणार नाही. घाण आत राहून हाडापर्यंत गेली, तर घोडी हातची गेली म्हणून समजा."

वीस मिनिटं! इथं वीस पळं निघेनात. वजीरनं पाय धरला रे धरला, की बिजली ताल धरायची. घमेलं उलटं, पाणी गोठाभर आणि वजीर चिखलात. पाचव्या खेपेला तो कावला आणि त्यानं तिच्या मानेवर एक चापट ठेवून दिली. "अगं भवाने, कुठं हाय वरात? कुणाचं लगीन लागलंय?" त्यासरशी ती आणखीच नाचली, तसल्या दुखऱ्या पायानं.

त्याची लेक सुमैरा विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवते. डॉक्टरांना दाखवायला म्हणून ती मोबाईलवर हे सगळं घेत होती. आधी हसत होती, मग तिनं व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा लावला.

"अब्बा, हे बघा जरा. घोडीकडं न्हाई, तुमच्या पायाकडं."

वजीरनं बघितलं. वाकून पाय धरताना त्याची डावी टाच उचलत होती, आपटत होती. आधी टाच, मग बिजली. दर वेळी तेच. शिंगरू होती तेव्हा त्यानंच तिला शिकवलं होतं, टाच पडली की पाय उचलायचा. लोकांना वाटायचं, घोडी हलगी ऐकते.

"म्हंजे ती माझंच ऐकतीया," वजीर म्हणाला. "आन मी तिलाच हाणतूय."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे फजरची नमाज झाली, की तो गोठ्यात जाऊन नुसता उभा राहू लागला. लगाम नाही, घुंगरं नाहीत. दोन्ही टाचा जमिनीला, हात तिच्या खांद्यावर, तिचा श्वास येईल तसा आपला. सांगायला सोपं हो! डोक्यात हलगी वाजायची, टाच सुटायची, बिजली पाय उचलायची. की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी घमेल्यात पाय पाच मिनिटं टिकला. पुढच्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी तिनं मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबला, आणि वजीरला कळलं की हीसुद्धा आपल्याइतकीच थकलीय. बारा वर्षांत आपण हिला हात लावला तो काहीतरी करून घ्यायलाच. त्याला फार लाज वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. बिजलीचा पाय घमेल्यात होता, आणि नेमकी गल्लीच्या तोंडाशी वरात आली. हलगी कडाडली.

"झालं! गेलं पाणी," डॉक्टर म्हणाले.

बिजलीचे कान ताठ झाले. अंगावरचं कातडं थरथरलं. पण तिनं गल्लीकडं बघितलं नाही, वजीरकडं बघितलं. त्याचे गुडघे ठणकत होते, डावी टाच नुसती शिवशिवत होती. त्यानं सगळा भार त्या टाचेवर दिला आणि सावकाश श्वास सोडला. मग बिजलीनंही सोडला. वरात दारावरून गेली. घमेल्यातलं पाणी हललं, पण थेंब सांडला नाही.

डॉक्टरांनी वाकून खूर बघितलं. "घाण सुटलीय सगळी. वाचला पाय. वीस मिनिटं कधीच झाली, वजीरभाई, बसा आता."

"ऱ्हाऊ द्या की वाईच," वजीर म्हणाला. बिजलीचं जड डोकं त्याच्या खांद्यावर आलं होतं. "बारा वर्षांत पयल्यांदाच आमाला नुसतं हुबं ऱ्हायाला मिळालंय."