सोमवारचे पाच मार्क

प्रयोगशाळेत अठरा संगणक होते. त्यांतले अकरा सुरू होते, चारांवरची प्लास्टिकची कव्हरं अजून निघालीच नव्हती आणि उरलेल्या तिन्हींचे माऊस काढून दुसरीकडे लावले होते. इंटरनेट दोनच संगणकांवर यायचं. एम.एस्सी.च्या वर्गात मुलंमुली बावीस. ढोकणे सरांच्या हातातल्या कागदावर शून्यं दोन.

"दीपमाला, शून्य. अर्पिता, शून्य," सर म्हणाले. "दोघींच्या प्रकल्पात शहाण्णव टक्के साम्य आहे. तीसच्या वर गेलं की दोघांनाही शून्य, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

दीपमाला उभी राहिली. संगणकीय जीवशास्त्राच्या या पेपरचे चाळीस मार्क कॉलेजच्या हातात होते. प्रकल्पाचे वीस, सेमिनारचे दहा, हजेरीचे पाच आणि दर सोमवारी केलेल्या कामाची फाइल सरांना मेल करायची, त्याचे पाच. चाळिसात सोळा लागत. तेवढे नसले तर लेखी परीक्षेत कितीही मिळोत, पेपर गेला. सोबत वर्षही गेलं.

"सर, प्रकल्प माझा आहे. लॅपटॉप तेवढा अर्पिताचा होता. इथं पाचला कुलूप लागते, म्हणून मी तिच्या रूमवर बसून केलं."

"वा! लॅपटॉप तिचा, फाइल तिच्याजवळची, अन् काम तुझं?" सरांनी चष्मा काढला. "तिचे बी.एस्सी.चे मार्क पाह्य, तुझे पाह्य. अन् तुले तर फ्रीशिप आहे. एक वर्ष वाढलं तर तुझ्या बापाचं काय जाते?"

मागच्या बाकावरून विक्की फिस्सकन हसला. दीपमालाची कानशिलं तापली. नापास झालं की फ्रीशिप थांबते, हे सरांना ठाऊक होतं. बी.एस्सी.त ती अर्पितापेक्षा चार टक्क्यांनी पुढे होती, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं. पाहायची गरजच वाटली नव्हती.

जिन्यात तिनं अर्पिताला गाठलं.

"काहून गप बसली व तू?"

"मी काय करू दीपे? बाबा मुकुटबनहून रोज फोन करून राह्यले. पोरगा पाह्यला हाये, त्याच्या घरच्याईले मार्कशीट दाखवा लागते म्हणे."

"म्हून माझं नाव खोडून तुझं टाकलं?"

"मले काय माहीत सर नक्कल पकडाची मशीन लावतीन? फाइल उघडून कधी पाह्यते तो माणूस? मी तर एका सोमवारी बी मेल नाही केला. काई झालं का?"

दीपमालाला तिच्या गालावर एक लगावावीशी वाटली. तिनं मूठ ओढणीत गुंडाळली आणि ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी आपल्या गावाहून, नेरहून, पहिल्या गाडीनं येऊन तिनं इंटरनेटवाला संगणक धरला. पाच सोमवारी पाठवलेल्या आपल्या पाचही फायली तिनं मेलमधून काढल्या. प्रयोगशाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये जमा केलेल्या दोघींच्या शेवटच्या फायली त्यांत घातल्या आणि जे बोंडअळ्यांचं केलं होतं तेच फायलींचं केलं. प्रकल्पात तिनं जिल्ह्यातल्या गुलाबी बोंडअळीच्या डीएनएवरून तिचा वंशवृक्ष मांडला होता. कुणाची चूक कुणात उतरली ते पाहिलं, की कोण कुणापासून आलं ते कळतं.

तास सुरू होताच तिनं तो वृक्ष पडद्यावर लावला. सर दारातच थांबले.

"साम्य दोन्हीकडून सारखंच असतं," ते म्हणाले. "तिच्यापासून तू की तुझ्यापासून ती, हे आकडा सांगत नाही."

आक्षेप बरोबर होता. तिला त्याचाच अधिक राग आला. या माणसाला सगळं कळत होतं.

"म्हणूनच मधल्या पिढ्या घेतल्या, सर. तिसऱ्या सोमवारी मी नेरच्या अळीचा नमुना चुकून दोनदा मोजला. माझ्या पहिल्या दोन फायलींत तो एकदाच आहे. तिसरीपासून पुढे दोनदा. अर्पिताच्या फाइलमध्येही नेर दोनदाच आहे. चूक माझी आहे, सर. ती तिच्याकडे माझ्याकडूनच गेली."

"या फायली कुठून आणल्या?"

"तुमच्याच मेलवर आहेत. पाचही सोमवारच्या. एक जरी उघडली असती, तर काल तुम्ही माझं शून्य वाचलंच नसतं."

"ओ तेरी!" विक्की पुटपुटला. यावेळी कुणी हसलं नाही.

अर्पिता उठली. "सर, मीच घेतलं. तिचं नाव काढून माझं टाकलं."

"बस खाली! तुले कोणी विचारलं?" सरांचा चेहरा लाल झाला होता. ते दीपमालाकडे वळले. "माझा मेल मी कधी उघडायचा, हे आता तू शिकवशील? आपली फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सोडली म्हणजे नक्कल पुरवलीच. नियम दोघींना सारखा. अन् नेर दोनदा मोजलं म्हणतेस, मग काम तरी कुठं बरोबर आहे?"

"मग त्या चुकीचे मार्क कापा, सर. शून्य द्यायचं तर चुकीसाठी द्या. चोरीसाठी नका देऊ."

सरांनी प्रोजेक्टरची वायर ओढली. पडदा पांढरा झाला.

"हजेरी," ते म्हणाले.

दीपमाला आपल्या नंबरला बोलली नाही. ती तिथेच उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा नंबर घेतला.

शनिवारी फलकावर अंतर्गत गुण लागले. अर्पिता : प्रकल्प शून्य, सेमिनार आठ, हजेरी चार, सोमवारचा मेल पाच, एकूण सतरा. दीपमाला : प्रकल्प शून्य, सेमिनार नऊ, हजेरी तीन, सोमवारचा मेल तीन, एकूण पंधरा. उत्तीर्णतेसाठी किमान सोळा.