सदैव उघड्या दाराचा अडसर

‘अनाथांसाठी हे दार सदैव उघडे आहे.’ बोईसरजवळच्या एका ख्रिस्ती बालगृहाच्या दारावर ही ओळ पांढऱ्या, वळणदार अक्षरांत रंगवलेली होती. मित्रांनो, मी त्याच दाराचा जुना अडसर आहे. सदैव उघड्या दाराला अडसर कशासाठी लागतो, हा प्रश्न त्या घरातल्या एकाही विद्वानाला पडला नाही.

मी जन्माने अडसर नव्हे. केळव्याच्या एका होडीची मी डोलकाठी होतो. होडी खडकावर फुटली, मी उरलो. सुताराने मला कापले, तासले आणि दाराच्या खाचांत बसवले. ज्या लाकडावर शीड फुगत असे, ते वाट अडवण्याच्या कामी आले. पाहुणे मला थोपटून म्हणत, “काय भक्कम लाकूड आहे!” रात्री मी आतल्या मुलांचे रक्षण करत असे, तेवढे श्रेय माझे.

१९६६ च्या उन्हाळ्यात मुंबईहून देणगीदार पाहुणे आले. आदल्या वर्षी पाहुण्यांच्या अशाच प्रार्थनासभेत एक बकरी आत शिरून टेबलावरची फुले खाऊन गेली होती आणि मुले पोट धरून हसली होती. अधीक्षक एलीया मास्तर ते हसू विसरले नव्हते. म्हणून या वेळी प्रार्थना सुरू होताच त्यांनी मला खाचेत सरकवले. प्रार्थनेचा विषय होता जगातली निराधार मुले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर ठमी होती, डोंगराकडच्या पाड्यावरची नऊ-दहा वर्षांची पोर. बाप आधीच गेलेला, आई नुकतीच तापाने गेलेली. कडेवर धाकटा भाऊ जिवल्या; त्यालाही तोच ताप.

“दार खोला. मी ठमी. मला नका घेऊ, याला घ्या. याला पानी तरी पाजा.”

स्वयंपाकीण काशीबाई धावत आली. “मास्तर, भायेर पोर रडतंय.”

“हळू बोला. आत देवाचं काम चाललंय.”

“आनि भायेर कोनाचं चाललंय?”

“मागची बकरी आठवते ना, काशीबाई?”

“बकरी आपलं नाव सांगत नाय, मास्तर. ही सांगते हाय.”

तिने मला ओढायला हात घातला. मास्तरांनी तळहात माझ्यावर दाबून धरला. तो घामाने ओला होता. आत एक पाहुणे दूरदूरच्या देशांची नावे घेऊन तिथल्या अनाथांसाठी करुणा मागत होते. त्यांना घाई नव्हती. बाहेरचे रडणे बारीक होत गेले, मग थांबले.

‘आमेन’ झाल्यावर मला बाजूला सारले. ठमी पायरीवर बसून भावाच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

“निजला,” ती म्हणाली.

काशीबाईने पोराला उचलले, त्याच्या नाकाशी बोट धरले आणि पदराने त्याचे तोंड झाकले.

मग मास्तरांनी दार सताड उघडले, ठमीला आत बोलावले. ती आली नाही. भावाला घेऊन ती पाड्याच्या वाटेला लागली. काशीबाई तिच्यामागे गेली आणि स्वयंपाकघरात परतली नाही. ठमी पुढे पाम गावात काशीबाईच्याच घरी वाढली. बालगृह मोडल्यावर काशीबाईने मलाही तिथे नेले. आज माझ्यावर बोंबील वाळतात. त्या घराचे दार ठमी कुणालाही लावू देत नाही.

मित्रांनो, पोरके मूल घरात घेणे ही दया नव्हे. ख्रिस्ताचे नाव लावणाऱ्या माणसाचे ते पहिले काम आहे. प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी उंबऱ्याबाहेर कोण उभे आहे, ते पाहा.

त्याच उन्हाळ्यात चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा मास्तर प्रथम म्हणाले की दार उघडेच होते, कुणी आले नाही. काशीबाईने मला दारामागून उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवले. मग ते म्हणाले:

“पोराचं रडणं मला ऐकू येत होतं. आम्ही अनाथांसाठी प्रार्थना करत होतो, म्हणून मी दार उघडलं नाही.”