भोवऱ्यापलीकडची टकटक

मित्रांनो, मी एक जुनं बाभळीचं वल्हं आहे, आणि नाव वल्हवण्यापेक्षा ऐकण्याचाच मला जास्त अभिमान आहे. हसू नका. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी माझं ऐकणं सगळ्यांना ठाऊक होतं.

गावच्या सुताराने मला घडवून नावाड्या झुंबरच्या हाती दिलं. नदी फुगली, वारा सुटला की पैलतीराची हाक ऐकू येत नसे. मग तिथला उतारू पाण्यात दगडावर दगड आपटायचा. झुंबर माझं पातं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावायचा, आणि ती टकटक माझ्या अंगातून थेट त्याच्या कानात जायची. पलीकडे पोचल्यावर, किंवा वाटेत अडकला तर नावेतूनच, तोही तसाच दगड वाजवायचा. अलीकडे त्याची बायको सारजा ते ऐकून निर्धास्त व्हायची.

छप्पन सालच्या पुरात माझं पातं चिरलं होतं. झुंबर मला घरी ठेवून दुसरी वल्ही घेऊन गेला. पैलतीरावर भाजीच्या पाट्या घेऊन बाया बाजारासाठी खोळंबल्या होत्या. त्यांना घेऊन परतताना पावसाची अशी झड आली, की नाव दिसेनाशीच झाली.

सारजाने मला नेहमीच्या घाटावर पाण्यात धरलं आणि कान लावला. नुसती घरघर! टकटक नाही, म्हणजे नाव बुडाली, असंच आमच्याकडे धरून चालत. ताफे, म्हणजे तराफे, घेऊन ताफेवाले मदतीला आले होते, पण नाव कुठे आहे हे कळल्याशिवाय त्या पुरात कुठे शिरणार? गावच्या सर्जेराव पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढलं.

“पोरी, घरी चल. आता काय ऱ्हायलं न्हाय.”

सारजा हलली नाही. फुगलेला ओढा नदीत घुसला होता, आणि घाटापुढे फेसाळ पाणी गरगरत होतं.

“पाटील, ह्यो भवरा काल हितं नव्हता. आवाज तेच्या पोटात जातुया.”

अगदी खरं होतं. फेसातले बुडबुडे आवाज गिळतात, फिरतं पाणी त्याला भलत्याच वाटेला लावतं. मला ते अंगात जाणवत होतं, पण मला तोंड कुठे होतं! सारजाने मला खांद्यावर टाकलं, चिखल तुडवत भोवरा मागे टाकला आणि वरच्या अंगाला मला पुन्हा पाण्यात घातलं.

टक. टक. टक.

“जित्तं हाईत! दगड बडवत्यात! सोडा ताफा!”

टकटक सर्वांत ठळक जिथे आली, त्याच्या समोरच ताफा पाण्यात लोटला. पहिला दोर पाटलांनीच धरला. नाव पात्राच्या मधोमध एका बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यात अडकली होती. झुंबर नावेतून वाकून, हात रक्तबंबाळ झाले तरी दगड वाजवतच होता. एकूण एक बाई सुखरूप उतरली. सगळा काठ ओरडत होता, आणि बायांनी मला, होय मला, हळदीकुंकू लावलं. मी आनंदाने फुगलो, नुसता पाण्याने नव्हे!

आज मी गोठ्यात उभा असतो. कुणी तेलाचा हात फिरवला तर बरं वाटतं, नाही फिरवला तरी तक्रार नाही. एवढंच ऐका, मित्रांनो. त्या दिवशी काठावर झुंबर म्हणाला होता, “मी तर कवाधरनं वाजवतुया. ऐकू कसं न्हाय आलं?”

सारजाने पदराने त्याचे हात पुसले.

“तुमी वाजवत ऱ्हायला म्हून गावलासा. आमी तर घरला निघालो व्हतो.”

म्हणून सांगतो, कुणाचा आवाज येईना, तर आधी आपली जागा बदलून बघा.