बाटली पडली का?

माझ्या दिरांना घरात आम्ही ‘उद्योगपती’ म्हणतो. त्यांचा एकही उद्योग आजवर तडीस गेलेला नाही, हे वेगळं सांगायला नको. या वेळी त्यांनी चांगली नोकरी सोडली आणि समुद्रापलीकडून जुनी, पैसे भरले की पाण्याची बाटली सोडणारी व्हेंडिंग मशीन्स आणली, तीही मला न विचारता. मी हीच मशीन्स दुरुस्त करून पोट भरते, पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात तसं.

पहिलं मशीन इस्पितळात, ऑपरेशन थिएटरबाहेर बसवलं. दुपारी अधीक्षक ते चालताना बघणार आणि करारावर सही करणार होते. सही हुकली की नोकरीही गेली आणि उद्योगही. सकाळपासून भावजी माझ्या डोक्यावर उभे होते. झालं का, झालं का, हाच जप.

दुखणं असं होतं. आमच्याकडे मशीन विचारतं आणि फोनवरून पैसे घेणारा रीडर उत्तर देतो. त्या मुलखात उलटं, रीडरने विचारायचं आणि मशीनने सांगायचं. आता मशीन तिकडचं, रीडर इकडचा. दोघेही ‘कुणी विचारलं तर बोलू’ म्हणून ढिम्म.

शेवटी मी पळवाट काढली. पूर्वी नाणं पडल्याची खूण नेणाऱ्या जुन्या तारेवरून नुसते ठोके पाठवायचे: पैसे आले, वस्तू सोड. मशीन सोडतं. पण वस्तू खाली पडली की मध्येच अडकली, हे ते रीडरला कळवत नाही, त्यामुळे अडकली तरी पैसे गेले ते गेले. भावजींना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, आजचा दिवस निभावून न्या, वहिनी, एखादी बाटली अडकेल, त्यात काय एवढं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मान हलवली.

अधीक्षक आले. भावजींनी बाटली काढून दाखवली, ती नीट पडली. अधीक्षकांनी पेन काढलं आणि उभ्या उभ्या करार चाळू लागले.

तेवढ्यात बाकावरच्या एक बाई उठल्या. त्यांचे यजमान सकाळपासून आत होते. बाईंनी फोनवरून पैसे भरले, फोनवर ‘धन्यवाद’ उमटलं, बाटली पुढे सरकली आणि काचेला टेकून राहिली. बाईंनी पुन्हा पैसे भरले. दुसरी बाटली पहिलीच्या मागे अडकली. भांडा हो, मी मनात म्हणत होते, चांगल्या कडकडून भांडा.

त्या माझ्याकडे वळल्या. “माझंच काहीतरी चुकलं असेल. सकाळपासून माझं सगळंच चुकतंय.” आणि त्यांनी तिसऱ्यांदा फोन उचलला.

मला ते बघवेना. मी प्लग उपटला.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” मी अधीक्षकांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मशीनच खोटं आहे, आणि मला ते ठाऊक होतं.”

अधीक्षकांनी पेन खिशात घातलं आणि करार भावजींच्या हातात परत दिला. भावजी मटकन बाकावर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी मशीनचं दार उघडून बाईंना दोन्ही बाटल्या दिल्या, आणि त्यांचे पैसे माझ्या पर्समधून. त्या भावजींशेजारी जाऊन बसल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, मग एक बाटली त्यांच्या हातात ठेवली.

“पाणी प्या,” त्या हलकेच म्हणाल्या. “तुमचं कोण आहे आत?”