तळ्यातला चोर

कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या सासऱ्यांनी जाळं काठाकडे ओढलं आणि ते ओरडले, "सापडला! सापडला चोर!"

काठावर टोपली घेऊन उभी असलेली धाकटी सून जागच्या जागी थिजली. काय सापडलंय ते तिला न बघताच कळलं होतं.

जाळ्यात मरळ होती. हातभर लांब, काळपट, चपट्या डोक्याची, दुसरे मासे खाऊन जगणारी. पाण्याबाहेर आली तरी मरायचं नाव घेत नव्हती, तोंड उघडून खुशाल हवा खात होती.

"घ्या! म्हणजे इतके दिवस आपण हिला पोसतोय," थोरला दीर काठावरून म्हणाला. "मी म्हणत होतो ना, या तळ्यात आता काही राम नाही? सोमवारी डंपर सांगितलेत मी. भराव टाकू, वर गोदाम बांधू, आणि मोकळे होऊ."

तळं सासऱ्यांनी तरुणपणी स्वतः खणलेलं. वीतभरापेक्षा लहान मासा जाळ्यात आला की तो परत पाण्यात, हा त्यांचा नियम, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. 'लेकरं आहेत, वाढू देत,' म्हणायचे. पण लेकरं काही वाढेनात. मग कोंडा वाढवला, पेंड वाढवली. चिलापी माशांची जातच ती! अंगाने भरायचं सोडून नुसती विते. तळं बोटाएवढ्या माशांनी बुजबुजलं, आणि घाऊक मासेवाल्याने टोपलीत डोकावणंसुद्धा सोडून दिलं.

धाकटीचा सगळा जीव त्या तळ्यात. नवरा बारा महिने ट्रकवर, आणि घरात तिच्या शब्दाला किंमत शून्य. जाळं घेऊन पाण्यात उतरली की मात्र ती कुणाची धाकटी नसायची. तळं बुजलं की उरणार होतं ते जन्मभर ओट्यापाशी उभं राहणं आणि जाऊबाईंची बोलणी खाणं.

गेल्या हिवाळ्यात तिने एक इवलीशी चिलापी हातात धरली, तर तिने तोंडात जपलेली पिल्लं बाहेर सांडली. टाचणीच्या डोक्याएवढी, चिमूटभर. अगं बाई! म्हणजे ही लेकरं नव्हेतच, ह्या तर आया! दाटीत उपाशी राहून खुरटलेल्या आया. तिने धावत जाऊन सासऱ्यांना सांगितलं. "काहीतरीच तुझं," असं म्हणून त्यांनी ती चिलापी हळूच पाण्यात सोडली. तेव्हा धाकटीने बाजारातून झाकणाच्या बादलीत दोन जिवंत मरळी आणल्या आणि कुणालाही न विचारता तळ्यात सोडल्या.

तळ्यातली पिल्लं कमी होऊ लागली तसं सासऱ्यांना अन्न गोड लागेना. कुणीतरी खातंय, एवढाच ध्यास. आज ते हट्टाला पेटूनच पाण्यात उतरले होते.

"तो दगड दे इकडे," ते धाकटीला म्हणाले. जन्मात कधी मुंगी न मारलेल्या माणसाने हात पुढे केला. "हिचं डोकंच ठेचतो."

"नाही देणार."

दीर गर्रकन वळला.

"ती मी सोडलीय, बाबा."

"तू?" सासऱ्यांनी विचारलं. "माझ्या लेकरांवर तू वैरीण सोडलीस?"

"लाज नाही वाटत?" दीर म्हणाला.

"नाही वाटत." ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुमच्या मायेपायी सगळी अर्धपोटी राहिली. जितका कोंडा टाकला, तितकी तोंडं वाढली. राग येऊ दे, घराबाहेर काढा मला. पण मरळीच्या शेजारी काय आहे ते एकदा बघा तरी!"

सासऱ्यांनी पाहिलं. चिलापी होत्या. मोजक्याच, पण रुंद, पाठीला मांस धरलेल्या. त्यांनी एक उचलली, ती पंजात मावेना. तिला हातातच तोलून त्यांनी परत ठेवलं. मग मरळ हातात घेतली आणि तिच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"हिचं पोट खपाटीला गेलंय."

"पिल्लं कमी झाली ना. तिलाही पुरत नसणार आता."

"एकच आहे?"

"दोन."

"म्हणजे यांचीही पिल्लं होणार."

"होतील. ती मी पाण्यातून वेचून काढीन."

"तुला काढवतील?"

"रडत काढीन," धाकटी म्हणाली. "पण काढीन."

 सासऱ्यांनी वाकून मरळ पाण्यात धरली आणि हात सैल केले. शेपटीचा एक फटकारा, आणि ती दिसेनाशी झाली.

"मला हे कधीच जमलं नसतं," ते म्हणाले. काठावर चढून ते पंचाने अंग पुसू लागले.

"बाबा! अहो, सोडलीत काय तिला?" दीर ओरडला. "आणि डंपरवाल्याला काय सांगू मी?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

दिराने तिच्याकडे पाहिलं. ती या घरात आल्यापासून त्याने तिला कधी काही विचारलेलं नव्हतं, आणि कसं विचारायचं ते आत्ताही त्याला उमगत नव्हतं. धाकटीने टोपली खाली ठेवली, पदर खोचला, पाण्यात उतरली आणि जाळ्याचं एक टोक त्याच्यापुढे केलं.

"आधी हे धरा, भाऊजी," ती म्हणाली. "आणि चपला काढा."