मनगट दुखत नव्हतं

मी एक जुना टॉवेल आहे. एके काळी मी पांढराशुभ्र होतो आणि माझ्या कडेला निळा पट्टा होता, असे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही. मित्रांनो, टॉवेलाला त्याची हकीकत कोण विचारतो? तोंड पुसले की टाकला खुर्चीवर! पण तोंड पुसताना माणूस घटकाभर माझ्या आड जातो आणि तेवढ्यात जगाला न दिसणारा चेहरा मला दिसतो. म्हणून मला बरेच काही ठाऊक आहे.

एका कापड गिरणीत माझा जन्म झाला. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात कानठळ्या बसायच्या. पुढे दुकानाच्या फळीवर मी घडी होऊन पडलो होतो. एक दिवस खाकी कपड्यांतल्या एका गृहस्थांनी मला उचलले, गालाला लावून पाहिले आणि म्हणाले, "हा मऊ आहे. पोरीच्या तोंडाला टोचायला नको." ते बसचालक होते. त्यांची तेरा वर्षांची मुलगी टेनिस खेळायची. कोर्टावर ती अशी गर्रकन वळायची, की सगळे तिला भिंगरी म्हणत.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. रोज पहाटे बाबा तिला स्कूटरवरून सरावाला सोडत. दुपारी आई मला धुऊन कडक उन्हात वाळत घालायची. भिंगरीचे फटके पाहून कोचबाई मान डोलवत. एका पायाने किंचित लंगडणाऱ्या या बाई फारशा बोलत नसत, त्यामुळे त्यांची मान डोलली की भिंगरी दिवसभर तरंगत असायची.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आली. धावल्याने आलेला घाम गरम असतो. भीतीचा घाम थंड असतो आणि तो तळहातांना सुटतो. सरावात भिंगरीचा घाम गरम असायचा. सामन्याच्या दिवशी मात्र तिचे हात बर्फासारखे होत आणि दर दोन मिनिटांनी ती मला चुरगाळत असे.

मग तो सामना आला. समोरची मुलगी इतकी उंच होती, की मुलांनी तिचे नाव शिडी ठेवले होते. पहिला सेट भिंगरीने जिंकला. दुसऱ्यात ती पाच-दोन अशी पुढे होती. आता एकच गेम हवा होता! बाबा जाळीबाहेर उभे होते. ते काही ओरडत नव्हते, फक्त जाळीची तार घट्ट धरून होते. भिंगरीने एकदा तिकडे पाहिले आणि तिचा हातच आखडला. एकामागून एक सर्व्ह जाळीत जाऊ लागली. पाच-तीन, पाच-चार, पाच-पाच झाले. मग शिडी सहा-पाच अशी पुढे गेली.

भिंगरी बाकावर येऊन बसली आणि तिने मला डोक्यावरून ओढून घेतले. माझ्या आत अंधार होता आणि तिचे दात वाजत होते. थोड्या वेळाने तिने मला बाजूला केले, उजवे मनगट धरले आणि पंचांना म्हणाली, "सर, मनगट खूप दुखतंय. मला नाही खेळता येणार."

तिने सामना सोडला. शिडी विजयी ठरली. लोक हळहळले, बाबा धावत आले. त्या गडबडीत तिने पुन्हा तोंड माझ्यात लपवले आणि अगदी हळू पुटपुटली, "नाही दुखत. काहीच दुखत नाहीये."

ते फक्त मी ऐकले. पण मला तोंड कुठे होते?

मित्रांनो, खोटे बोलणे सोपे असते, ते सांभाळणे महाकठीण. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिले. सूज नव्हती, तरी त्यांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. घरी बाबा रोज संध्याकाळी कामावरून आले की आधी पाणी गरम करत. मला त्यात बुडवून, पिळून, ते भिंगरीच्या मनगटाला शेक देत. दिवसभर बसचे स्टिअरिंग फिरवून त्यांचे स्वतःचे हात भरून आलेले असत, पण ते दाबत बसत तिचा हात.

"माझंच चुकलं," ते एकदा आईला म्हणाले. "झेपेल का नाही हे न बघता दामटत राहिलो पोरीला. एवढासा तो हात."

आईने तिच्याकडे पाहिले. भिंगरीने मान खाली घातली. मी त्या मनगटावर गुंडाळलेला होतो, तिची नाडी कशी धडधडत होती ते मला कळत होते.

पाचव्या की सहाव्या दिवशी बाबांनी मला पिळले आणि शेक द्यायला हात पुढे केला, तर तिने मनगट मागे घेतले.

"बाबा, नका ना करू."

"चटका बसला का?"

"नाही. दुखतच नव्हतं, बाबा. कधीच नव्हतं." आणि तिला रडू फुटले. "मी हरणार होते. जिंकत आलेलं हरणार होते. म्हणून मी..."

माझ्यातून पाण्याचे थेंब फरशीवर ठिपकत राहिले. मला वाटले, आता आकाश फाटणार. पण बाबा तिच्याशेजारी मटकन खाली बसले.

"नोकरीच्या पहिल्या दिवशी," ते म्हणाले, "बसमध्ये चाळीस माणसं होती. चढावर गाडी थांबली आणि माझा डावा पाय असा लटलटायला लागला, की क्लच सुटेना. मागून सगळे भोंगे वाजवतायत."

"मग?"

"मग मोठ्याने म्हणायला लागलो. आरसा, ब्रेक, गिअर. आरसा, ब्रेक, गिअर. कंडक्टरला वाटलं, मी स्तोत्र म्हणतोय! तोही बिचारा हात जोडून उभा."

रडता रडता भिंगरीला हसू आले. मग बाबांनी विचारले, "तुला कसली भीती वाटते गं? हरायची?"

तिने माझी एक दशा ओढली. "घरी येतानाची," ती म्हणाली. "हरले की तुम्ही स्कूटरवर एक शब्द बोलत नाही."

बाबांचा चेहरा पडला. "अगं, मला वाटायचं, बोललो तर तुला आणखी वाईट वाटेल."

"बोला ना काहीतरी. फक्त मॅचबद्दल नको."

"मग कशाबद्दल बोलू?"

"बसबद्दल बोला."

दुसऱ्या दिवशी भिंगरीने कोचबाईंनाही खरे सांगितले. बाई रागावल्या, पण थोड्याच. मग म्हणाल्या, "मनगटाचा व्यायाम आपण रोज घेतो, भीतीचा कधी घेतलाच नाही. आजपासून घेऊ."

त्यांनी सामना रोज पाच-दोनपासूनच सुरू करायला लावला. बाकीची मुले कोर्टाभोवती उभी राहून आरडाओरडा करायची. हरेल त्याने सगळे चेंडू गोळा करायचे. पहिले चार दिवस भिंगरीनेच चेंडू वेचले. प्रत्येक गुणानंतर तिने चालत माझ्यापर्यंत यायचे, एकेक बोट पुसायचे, पोटातून लांब श्वास सोडायचा आणि पुढचा चेंडू कुठे मारायचा एवढेच ठरवायचे, असा बाईंचा नियम होता. मुले चिडवायची, "हिचं टॉवेलशी लग्न लावून टाका!" मी लाजून आणखी पांढरा झालो.

"बाई, यानं भीती जाईल ना?" तिने एकदा विचारले.

"माझी तर अजून गेली नाही," बाई म्हणाल्या. "हात थरथरला तर थरथरू दे. थरथरत्या हातानेही सर्व्ह होते. वाट बघत बसलीस, तर म्हातारी होशील."

दोन महिन्यांनी संघाच्या निवडीसाठी पुन्हा शिडीच समोर आली. दोघींनी एकेक सेट जिंकला. तिसऱ्यात भिंगरी पाच-चार अशी पुढे होती आणि सर्व्ह तिची होती. बाकावर ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे तळहात पूर्वीसारखेच गार होते. पण या वेळी तिने मला डोक्यावर घेतले नाही. एकेक बोट पुसले, श्वास सोडला, उठली.

आणि पहिल्याच गुणाला दोन्ही सर्व्ह जाळीत!

माझा धागा न् धागा ताठ झाला. ती हळूहळू चालत आली. पुन्हा बोटे, पुन्हा श्वास. ओठ हलत होते. "डावीकडे, डावीकडे," एवढेच मला ऐकू आले. पुढची सर्व्ह डावीकडे पडली. मग कधी ती पुढे, कधी शिडी. दोनदा विजयाचा गुण हातचा गेला. तिसऱ्या वेळी दोघीही चेंडू नुसता हळूच पलीकडे ढकलत होत्या. बघणाऱ्याला जांभई यावी असा तो खेळ होता. शेवटी शिडीचा एक चेंडू वीतभर बाहेर गेला आणि भिंगरी जिंकली.

जाळीपाशी हात मिळवायला ती गेली, तेव्हा मी तिच्या खांद्यावर होतो. तिने शिडीचा हात सोडलाच नाही.

"त्या दिवशी माझं मनगट दुखत नव्हतं," ती म्हणाली. "मी घाबरून मॅच सोडली. तुला नीट जिंकू दिलं नाही. सॉरी."

शिडी जाळीवर वाकली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी मनातल्या मनात एकच मागत होते, पाऊस पडू दे आणि मॅच रद्द होऊ दे. तू थांबलीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन मी रडले."

एवढे बोलून तिने खुशाल माझ्या टोकाने डोळे पुसले.

पुढे नवे, रंगीत टॉवेल आले. काही वर्षे मी पेटीच्या तळाशी पडून होतो, कुबट वास येईपर्यंत. आता माझी दोन फडकी झाली आहेत. एकाने बाबा त्यांची स्कूटर पुसतात, दुसऱ्याने आई खिडक्या. तक्रार नाही. माझे काम अजून पुसण्याचेच आहे.

फक्त एक सांगणे आहे, मित्रांनो. मला वेळेवर धुवा, उन्हात वाळवा, ओला गोळा करून पिशवीत कोंबू नका. घाम कितीही पुसा, तो मी शोषून घेईन. पण भीती वाटली आणि माझ्यात तोंड लपवावेसे वाटले, तर खुशाल लपवा, दहा मोजा आणि मग बाहेर या. जे मला सांगाल, ते एखाद्या माणसालाही सांगा. मी ऐकतो सगळे, पण "मग?" असे विचारणे मला कधी जमले नाही.