नूरीची हजामत

गेवराईच्या हायवेवर मोटारसायकल घसरून चाँदचा पाय मोडला आणि घरातले दोघं एकदमच जागेवर बसले. चाँद अंगणातल्या बाजेवर, आणि नूरी पत्र्याच्या शेडात. नूरी म्हणजे त्याची पांढरी घोडी. आसपासच्या गावांतल्या कितीतरी नवरदेवांना तिनं मिरवलं होतं. एरवी पावसाळ्यात लग्नं नसली तरी चाँद तिला रोज फिरवून आणायचा. यंदा फिरवणार कोण? सगळा पावसाळा एका जागी उभी राहून घोडी वैतागली. खुंटा कुरतडायची, अंग डावी-उजवीकडं झुलवत राहायची, जवळ येईल त्याच्यावर कान पाडायची. बाजेवरचा चाँदही साधारण तेच करत होता, फक्त त्याला कान पाडता येत नव्हते.

त्यात शेडाचा पत्रा दोन ठिकाणी गळायचा. एक धार मानेवर, एक मागच्या पुठ्ठ्यावर. मधली पाठ तेवढी कोरडी राहिली. दिवाळीनंतर चाँदच्या बायकोनं, अफसानानं, घोडीचे दाट वाढलेले केस बाजूला सारून पाहिलं, तर खाली खपल्याच खपल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "केस बारीक काढून ठेवा, त्याशिवाय औषध कातडीपर्यंत पोचणार नाही. शुक्रवारी येतो."

चाँदचा धाकटा भाऊ जाकीर हे ऐकून हसला. "भाभी, ही आता कुनालाबी अंगाला हात लावू देत न्हाई. काहून जीव धोक्यात घालता? शुक्रवारपर्यंत केस निघाले तर ठीक, न्हाईतर मी हिला माळेगावच्या बाजारात इकायला नेतो. भाईजान उठेपर्यंत घोडी सांभाळनार कोन?"

"मी," अफसाना म्हणाली.

"तुमी? कदी लगाम तरी धरलाय का?"

धरला नव्हता. या घरात बायकांनी चारा टाकायचा, लीद उचलायची, झुलीला आरसे लावायचे. लगाम पुरुषांच्या हातात. पण जाकीरचं ते हसणं अफसानाच्या डोक्यात गेलं आणि तिथंच बसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं नूरीला बाहेर काढलं. फिरवलं म्हणण्यापेक्षा नूरीनंच तिला कपाशीच्या कडेकडेनं ओढत नेलं. दोरीनं तळहात सोलून निघाले. अफसानानं हळद लावली आणि सकाळी पुन्हा निघाली. हायवेवरचे ट्रक कानाशी भोंगे वाजवत जायचे, नूरी ढिम्म. घरी आल्यावर अफसाना खरारा घेऊन तिचं अंग घासायची, खपल्या चुकवत, कारण केसांत माती राहिली की केस कापायच्या मशीनचं पातं अडतं. फिरून आल्यामुळं घोडीची झुलायची खोड कमी झाली. खरारा फिरताना ती ओठ लोंबकळत सोडून डुलक्याही काढू लागली.

मशीन दिलं सलूनवाल्या म्हाळूनं. "जुनं हाय, चालतं. पन परत आनू नका," असं हात जोडून सांगितलं. मशीन खांद्याजवळ घरघरलं की मात्र नूरी उसळायची. बंद मशीन अंगावरून फिरवून झालं, लांबून चालू ठेवून झालं, गुळाचा खडा देऊन झाला. गूळ खायची आणि उसळायची.

"वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊ," जाकीर म्हणाला. "दुखलं की हलत न्हाई."

"तिच्या ओठाला हात लावून तर बघ," अफसाना म्हणाली. तिच्या हातात तेव्हा खरारा होता. जाकीर गेला.

मग बाजेवरच्या चाँदला अक्कल सुचली. "अगं, बँडची सवय हाय तिला! मोबाईलवर गानं लाव मोठ्यानं. मशीनचा आवाज त्यात जिरून जाईल."

अफसानाला पटलं. एका हातानं गाणं लावलं, दुसऱ्या हातानं मशीन मानेवर टेकवलं. ढोल वाजला मात्र, नूरी पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं उचलून थुईथुई नाचायला लागली. मानेवर एक वाकडा पट्टा उमटला आणि मशीन लिदीत पडलं.

"वाहवा!" चाँदच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली.

"नाचायला शिकवलं तुमी," अफसाना कडाडली, "आन् गप उभं राहायला कोन शिकवनार?"

मशीन पुसून ती शेडाच्या दाराशी बसली. गुरुवारची दुपार टळून गेली होती. तिला रडू आलं, आणि ते तिनं दाबलं नाही.

शेजारच्या रुक्मिणीबाईंना ते ऐकू गेलं. डोक्यावरचा पदर सावरत त्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या. "तोंड धू आदी," त्या म्हणाल्या. तेवढ्यात शेडात खुरांची खडखड थांबली. अफसानानं वळून पाहिलं. नूरीनं पुढचे दोन्ही पाय जुळवले होते, मान खाली घातली होती, आणि ती डोळे मिटून उभी होती.

लग्नात नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, परण्या म्हणतात त्याला. त्याआधी करवल्या घोडीच्या पायावर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, ओवाळतात. पदर घेतलेली बाई तांब्या घेऊन आली की ओवाळून होईपर्यंत हलायचं नाही, हे नूरीला वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

"मावशी, हळदीकुंकू आना. आरती बी आना!"

"आगं पन, नवरदेव कुठाय?"

"त्याचं मागनं बघू!"

रुक्मिणीबाईंनी खुरांवर पाण्याची बारीक धार धरली, कुंकू लावलं, निरांजन फिरवायला घेतलं. अफसानानं मशीन सुरू केलं. नूरीच्या कातडीवरून एक शहारा गेला, पण पाय जागचे हलले नाहीत. मानेवरचे केस झुबक्यांनी पडू लागले. पातं तापलं की अफसाना मशीन बंद करून गार होऊ द्यायची. रुक्मिणीबाईंचा हात भरून आला, तसा त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला, पण निरांजन फिरत राहिलं. "मुलाच्या लग्नात बी एवढं ओवाळलं न्हवतं बाई," त्या पुटपुटल्या. बाजेवर चाँद कोपरावर उठून बघत होता. फाटकात जाकीर कधी येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नाही.

शेवटचा झुबका पुठ्ठ्यावरून पडला. अफसानानं दोरी सोडली. "चल, नूरी."

नूरी हलली नाही. जाकीरनं पुढं होऊन ओढलं, तरी नाही.

"ती कशी हलंल?" चाँद बाजेवरून म्हणाला. "ओवाळून झालंय. आता पाठीवर कुनी बसल्याबिगर ती पाय उचलत न्हाई. मीच शिकवलंय."

"मी बसतो," जाकीर म्हणाला. नूरीनं कान पाडले.

"सर बाजूला," अफसाना म्हणाली. तिनं ओढणी कमरेला गच्च बांधली, गव्हाणीवर पाय दिला आणि त्या कोरड्या राहिलेल्या पाठीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं अंगण वरून दिसत होतं. रुक्मिणीबाईंनी सवयीनं निरांजन तिच्याही तोंडावरून ओवाळलं. चाँद नुसता बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

नूरीनं पाय उचलला. मानेवर बोडकी, पाठीवर केसाळ, कपाळावर कुंकू, अशी ती फाटकातून गल्लीत आली. लोक दारात आले, कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. अफसानानं मान ताठ ठेवली. जाकीर मागं घोटाळला, मग मुकाट्यानं पुढं येऊन त्यानं दोरी धरली. नवरदेवाची घोडी धरतात, तशी.

"कुठवर न्यायचं, भाभी?"

"मारुतीपर्यंत," अफसाना म्हणाली. "तिचा रस्ता तोच हाय."